जोडीचं वजन

सेतुबाल
१८ मे १९९१

बाबा,

झुल्मिराआत्याचं पत्र आलं. गेल्या ऑगस्टमध्ये तुमचा पाय मुरगळला, असं तुम्ही मला कळवलं होतं. आत्या लिहिते की पाय मुरगळला नव्हता. तुम्ही झाडाखाली बेशुद्ध पडला होतात आणि जासिंतोकाकांनी तुम्हाला ट्रॉलीत घालून गावात आणलं. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मी आत्याचं खरं धरते.

बुचाची झाडं सोलायला तुम्ही यंदाही चढणार, हे मला माहीत आहे. नको म्हणून उपयोग नाही, म्हणून म्हणत नाही. पण कारखान्यात माझं कामच हे आहे. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला किती ताप सोसतो, त्याला कधी थांबवायचं, किती पाणी पाजायचं, हे मी रोज मोजते. तेव्हा एवढं करा.

तहान लागली की प्यायचं, ही सवय चुकीची आहे. तहान उशिरा लागते. तोवर शरीर मागे पडलेलं असतं. पहाटे कामाला लागण्याआधी दोन पेले, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान असो वा नसो. एकदम घटाघटा नको. जेवणात मीठ असू द्या; ऑलिव्ह, खारवलेलं मांस चालेल, नुसत्या पाण्यानं भागत नाही. वाइन संध्याकाळपर्यंत नको. सोबत दोन लिटरची बाटली पाठवते आहे. तिचं कापडी वेष्टन ओलं ठेवलं की पाणी गार राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळावर बूच तोलायचा मोठा काटा असतो. सकाळी कामाआधी आणि दुपारी काम संपल्यावर त्यावर उभं राहायचं. मधल्या वेळात जे वजन घटेल ते जवळजवळ सगळं पाणी असतं. किलोभर घटलं तर ठीक. दीड किलोच्या वर घटलं तर त्या दिवशी पाणी कमी पडलं. दोनच्या वर गेलं तर दुसऱ्या दिवशी झाडावर चढायचं नाही. आकडे मला आठवड्याला पाठवा.

तब्येत कशी आहे, असं मी विचारत नाही. तुम्ही "बरी आहे" असं लिहिता आणि त्या उत्तराचं मला काही करता येत नाही.

नातेर्सिया

*

वाल दो सोब्रोचा तळ
२७ मे

पोरी नातेर्सिया,

बाटली पोचली. पावाच्या गाडीवाल्यानं ती सगळ्या टोळीसमोर माझ्या हातात दिली, नेमका मुकादम शेजारी उभा. सिल्वेरियोला तू ओळखतेसच, त्याचं तोंड कधी बंद असतं का? म्हणाला, "फ्लोरिवाल, एकोणसाठाव्या वर्षी दूध सुटलं नाही होय रे तुझं?" मग सगळेच सुरू झाले. देओलिंदा, आमची पाणीवाली, ती तर रुसूनच बसली. म्हणे, "माझ्या घड्यातलं पाणी आता कडू झालं का तुझ्या लेकीला?" तिला सांगितलं, बाई, पाणी तुझंच, बाटली तेवढी लेकीची. तेव्हा कुठे हसली.

तू रागावशील, पण इथलं कसं चालतं ते विसरलीस की काय? मुकादमानं हाक दिली की देओलिंदा घडा घेऊन येते, बुचाचा पेला फिरतो, आधी सगळ्यात वयस्कर, मग वयाप्रमाणे. हाकेच्या मधे कोणी उतरत नाही. मी वर फांद्या सोलतो, जासिंतो खाली बुंधा. सव्वीस वर्षं झाली. मी घोट घ्यायला उतरलो तर खाली त्याची कुऱ्हाड थांबते. आणि साल अर्धी उचकटून उन्हात ठेवली की परत झाडाला चिकटते. मग ओढाताण होते, झाडाला जखम होते, आणि जखम झालेलं झाड नऊ वर्षांनी सुद्धा नीट साल देत नाही. मुकादमाच्या वहीत आमची दोघांची मिळून एकच रेघ असते. फ्लोरिवाल वेगळा, जासिंतो वेगळा, असं तिथं कोणी लिहीत नाही.

पण तू म्हणतेस तर करतो. आकडे येतील. शिकवलंय कशाला तुला मग?

पंधरा ऑगस्टला मोसम संपल्याचं जेवण आहे. येतेस का? दोन नाताळ गेले. तुझी खाट मी हलवलेली नाही.

तुझा बाबा

*

तळ, ७ जून

पोरी,

हे घे आकडे. सोमवारी सकाळी काटा म्हणाला ७१.५, दुपारी ७०.५. मंगळवारी ७१, मग ७०. बुधवारी ७१.५ आणि ७०.५. गुरुवारी मुकादमानं काटा सोडला नाही, बूच भरायची घाई होती. आज ७१.५, मग ७०.

बाटली रोज दोनदा रिकामी होते, देओलिंदा भरून देते. आता ती स्वतःच ओरडते, "सेतुबालची बाई विचारेल, प्या रे मेल्यांनो!" तिचा रुसवा गेला. टोळीतल्या दोघांनी डबडी बांधून घेतलीत कमरेला. मुकादम म्हणतो, माझी टोळी की दवाखाना?

साल यंदा छान सुटते आहे. कुऱ्हाड घातली की आतून सुस्कारा येतो बघ. काल एका मोठ्या झाडावर एक्क्याण्णवचा आकडा रंगवला. ते पुन्हा सोलायचं ते दोन हजार साली. मी काही तेव्हा वर नसणार.

ऑगस्टचं काही लिहिलं नाहीस.

बाबा

*

सेतुबाल
१२ जून

बाबा,

आकडे मिळाले. ते चांगले आहेत. शुक्रवारी दीड किलो घटलं, ते मर्यादेवर आहे. त्या दिवशी हवा कशी होती ते लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी दुपारचं तापमान लिहा. गावातल्या दुकानाबाहेर तापमापक आहे.

एक गोष्ट लक्षात आली. तुमचं वजन मी सहासष्टच्या आसपास धरलं होतं, आईच्या आजारपणातल्या आठवणीवरून. म्हणजे त्यानंतर तुम्ही पाच किलो भरलात. खाणंपिणं नीट चाललं आहे, हे बरं झालं. सगळी गणितं मी आता एकाहत्तरवर केली आहेत.

आहे तसंच चालू ठेवा.

ऑगस्टचं आत्ता सांगता येणार नाही. भट्टीच्या दुरुस्तीची तारीख ठरलेली नाही.

नातेर्सिया

*

तळ, २४ जून

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "चांगले आहेत" असं तू लिहिलंस, ते जासिंतोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, लहानपणी तुझ्या शाळेच्या वहीवर बाई लिहायच्या तसं वाटतं.

आकडे. १७ तारीख ७१.५, ७०.५. १८ तारीख ७१, ७०. १९ तारीख ७१, ६९.५. २० आणि २१ तारखेला ७१, ७०. गाडीवाला म्हणतो, दुकानाबाहेर अडतीस होतं, एकोणीसला एकेचाळीस. झाडात वर त्याहून जास्त असेल. वाराच नसतो, पानं सुद्धा हलत नाहीत, आणि साल काढलेलं खोड तव्यासारखी धग टाकतं.

बाकी बरं. बोटं तेवढी वळतात. कुऱ्हाडीवरून सोडवायला दुसऱ्या हातानं एकेक उघडावी लागतात. जासिंतो हसतो, म्हणतो कोंबडीचा पाय झालाय. दुपारी डोकं ठणकतं आणि जेवण जात नाही, पण उन्हात ते कोणाचं जातं? पोटऱ्या पण रात्री वळतात. वयच ते, त्याला काय करणार.

भट्टीची तारीख ठरली का?

बाबा

*

सेतुबाल
१ जुलै

बाबा,

बोटांचं आणि डोकेदुखीचं लिहिलंत. तुमच्या आकड्यांत त्याचं कारण दिसत नाही. अडतीस-एकेचाळीस अंशांत जेमतेम एक ते दीड किलो घट म्हणजे पाणी व्यवस्थित जातं आहे. आमच्या भट्टीवरच्या तरुण माणसांचे आकडे इतके चांगले येत नाहीत. पेटके मिठानं कमी होतील. सकाळच्या पावावर थोडं जास्त घाला. डोकेदुखीसाठी टोपीखाली ओलं फडकं ठेवा.

पाण्याचं आहे तेच प्रमाण. काही बदलू नका.

भट्टी सात ऑगस्टला बंद होते, बावीसपर्यंत. म्हणजे पंधरा तारखेला मी येऊ शकेन. नक्की नाही, पण धरून चाला.

नातेर्सिया

*

जिल्ह्याचं हॉस्पिटल
१३ जुलै

जासिंतोकाका,

तुम्ही फोन केला तेव्हा मी भट्टीवर होते. निरोप दोन तासांनी मिळाला. तुम्ही इथून परत गेलात त्यानंतर अर्ध्या तासानं मी पोचले, त्यामुळे आपली भेट झाली नाही. बाबांना बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळून तुम्ही आणलंत, त्यामुळे ते जिवंत आहेत, असं इथले डॉक्टर म्हणाले. ते तुम्हाला कळवते.

ते शुद्धीवर आहेत. मला ओळखतात. मूत्रपिंडं बंद पडली आहेत. उष्णतेनं स्नायूंचा नाश झाला आणि अंगात पाणीच नसल्यानं ती घाण मूत्रपिंडांत साचली. आता यंत्रावर रक्त धुतात, एक दिवसाआड. मूत्रपिंडं पुन्हा सुरू होतील का, ते इतक्यात सांगता येत नाही म्हणतात. जुनी हानी पण दिसते आहे, एका उन्हाळ्याची नव्हे.

मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणानं. यंत्र लावताना डॉक्टरांनी विचारलं, एरवी यांचं वजन किती? मी लगेच सांगितलं, एकाहत्तर. माझ्याकडे त्यांच्या पत्रांतले आकडे होते. खाटेवरच्या काट्यावर बासष्ट भरलं, तेही शिरेतून चार लिटर पाणी दिल्यानंतर.

दोन-तीन आठवड्यांत नऊ किलो मांस झडत नाही. पाणी तर एवढं जाऊच शकत नाही, त्याआधी माणूस मरतो. म्हणजे एकाहत्तर हा आकडा कधीच त्यांचा नव्हता. मी त्यांची पत्रं पुन्हा वाचली. "माझं वजन" असं कुठेही लिहिलेलं नाही. "काटा म्हणाला" असं लिहिलं आहे.

त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जासिंतोला विचार." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा तुम्हाला विचारते. ते आकडे कोणाचे?

नातेर्सिया

*

तळ, २० जुलै

नातेर्सिया पोरी,

आकडे माझे.

मला तुझ्या बापासारखं लिहिता येत नाही, पण जसं झालं तसं सांगतो.

पहिल्या दिवशी काट्यावर तोच चढला होता. सकाळी चौसष्ट. दुपारी साठ आणि वर थोडं. मी म्हटलं, "फ्लोरिवाल, साडेतीन किलो! तुझी लेक काय म्हणेल?" तो म्हणाला, "काटा उतारावर आहे, खोटं बोलतो." मग मला म्हणाला, "तू चढ." सकाळी मीही गमतीनं चढून पाहिलं होतं, त्या मानानं माझं किलोभरच घटलं होतं. तो म्हणाला, "हे बरोबर आहे. हे लिहू." मी म्हटलं, अरे पण हा मी आहे. तर म्हणतो कसा, "सव्वीस वर्षं मुकादमाच्या वहीत आपण एक आहोत, मग तिच्या वहीत दोन कशाला? एका झाडावर असतो, एका पेल्यातनं पितो, एकच भाकरी मोडतो."

आणि मला ते पटलं, पोरी. तू हसशील. पण आम्ही खरंच तसं मोजतो. एकाचं डोकं दुखलं की दुसरा म्हणतो, आज आपलं डोकं दुखतंय.

फक्त एवढंच की मी खाली असतो आणि तो वर. बाटली बुंध्याला टांगलेली असायची. माझ्या हाताशी. मी प्यायचो. पंधरा मिनिटांनी देओलिंदा ओरडायची, मी प्यायचो. वर हाक मारायचो, "उतर रे, घोट घे!" तो म्हणायचा, "ही साल सुटू दे." ती सुटली की पुढची. मुकादमाच्या हाकेला तेवढा उतरायचा. एकदा मी बाटली दोरीनं वर देऊ लागलो तर म्हणाला, "तू पी. छाती तुझी अधू आहे. मी दोघांतला टणक." दोन वर्षांपूर्वी मला छातीचा झटका आला होता, ते तुला ठाऊक नसेल. त्यानं सगळ्यांपासून लपवलं, नाहीतर मुकादम मला काढून टाकता.

मी एकदा म्हणालो, खरे आकडे लिही. तो म्हणाला, "दोनच्या वर गेलं तर चढायचं नाही, असं तिनं लिहिलंय. ती म्हटली की म्हटली. आणि मी चढलो नाही तर तिला लिहू काय? आकड्यांमुळे दर पंधरवड्याला पत्र येतंय. आधी वर्षाला दोन यायची."

तुझं शेवटचं पत्र गुरुवारी आलं. दुपारी सगळ्या टोळीला वाचून दाखवलं. "पंधराला येतेय माझी पोर!" म्हणून. मग तो पाण्याचा भाग वाचला. "काही बदलू नका. ऐकलंस जासिंतो? बाईसाहेबांचा हुकूम." शुक्रवारी अकराच्या सुमाराला वरून कुऱ्हाड पडली. तो पडला नाही, फांदीच्या बेचक्यात अडकून राहिला. मी हाका मारल्या तर काहीतरी बरळत होता, घाम एक थेंब नाही, अंग चुलीसारखं. माशांच्या गाडीतला बर्फ मिळाला म्हणून बरं.

मी आता एकटाच आहे. मुकादमानं दुसरा दिला होता वर, मी नाही म्हटलं. बूच रचायला बसतो.

पोरी, तू शिकलेली आहेस, मोजतेस. मला एकच सांग, आणि गोड करून सांगू नकोस. जे मी प्यालो ते त्याचं होतं का?

त्याला तू सेतुबालला नेणार, असं झुल्मिरा सांगत होती. मोसमाचं जेवण झालं की रविवारी, अठरा तारखेला, बसनं तिकडे येतो त्याला बघायला. चालेल का?

जासिंतो

*

सेतुबाल
९ ऑगस्ट

जासिंतोकाका,

बाबा आता माझ्याकडे आहेत. मूत्रपिंडं सुरू झाली नाहीत. डॉक्टर आता "इतक्यात सांगता येत नाही" असं म्हणत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना यंत्रावर नेते, चार-चार तास. पंधराच्या जेवणाला आम्ही येणार नाही, हे मुकादमांना सांगा.

तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर. हो. त्या बाटलीतलं अर्धं पाणी वेळेवर वर गेलं असतं तर ते बहुधा पडले नसते. गोड करून सांगू नकोस असं तुम्ही लिहिलंत, म्हणून सांगितलं. पण ते तेवढ्यावर सोडणं बरोबर होणार नाही. काम दोन माणसांचं होतं आणि बाटली मी एकच पाठवली. वर चढलेला माणूस पाणी कसं पिणार, हे त्यांनी मला पहिल्याच पत्रात सांगितलं होतं, उतरता येत नाही म्हणून. मी ते गंमत म्हणून वाचलं. पाच किलो वाढले असं दिसलं तेव्हा मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटलं. बोटं वळतात, डोकं ठणकतं, जेवण जात नाही, एवढं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. कारखान्यात कोणी भट्टीवाल्यानं मला हे सांगितलं असतं तर मी त्याला त्याच क्षणी सावलीत बसवलं असतं. बाबांना मी लिहिलं की आकड्यांत कारण दिसत नाही. तुमच्या पिण्यापेक्षा ते वाक्य जास्त महागात पडलं, असं माझं मत आहे. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला असं लिहिता येत नाही.

अठराला या. ते तुमची वाट पाहतात. तसं बोलत नाहीत, पण बसच्या वेळा मला दोनदा विचारल्या.

येण्याआधी काही गोष्टी माहीत असू द्या. मूत्रपिंडं नाहीत म्हणजे प्यालेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. ते अंगात साठतं, मग फुप्फुसांत. त्यांना दिवसाला सहाशे मिलिलिटर मिळतं. सूप, फळ, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून. तेवढं मी सकाळी मोजून ठेवते. तहान मात्र कमी होत नाही. उन्हात लागायची तशीच लागते, घरात बसून, दिवसभर. डॉक्टर म्हणतात, तिची सवय होते. मी अजून तसं पाहिलेलं नाही.

ते ओरडत नाहीत. काल दुपारी म्हणाले, "नुसतं तोंड ओलं कर, गिळणार नाही." मी ओलं फडकं दिलं. त्यांनी ते चोखलं. मी काढून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "तू तर सिल्वेरियोच्या वरचढ निघालीस. तो निदान दर तासाला हाक द्यायचा." मी म्हटलं, "अजून दीड तास आहे." म्हणाले, "बरं." आणि घड्याळाकडे बघत बसले. दीड तास. मी समोरच कागद घेऊन बसले होते. एक ओळ लिहून झाली नाही.

तुम्ही आलात की तुमच्याजवळ ते पाणी मागतील. मला खात्री आहे. तुम्ही नाही म्हणू शकणार नाही, म्हणून मी खोलीत थांबेन. ते अवघड वाटलं तर माफ करा.

आणि एक. बस स्टँडपासून माझं घर चढावर आहे, चौथ्या मजल्यावर, आणि त्या दिवशी ऊन असेल. खाली कोपऱ्यावर कॅफे आहे. तिथं बसून पोटभर पाणी पिऊन वर या. घरी आल्यावर मी तुम्हाला पाणी विचारणार नाही. राग मानू नका. ग्लासाचा आवाज त्यांना आतल्या खोलीत ऐकू येतो. मी सुद्धा माझं पाणी जिन्यात जाऊन पिते.

नातेर्सिया